शपथ घेऊन व्यसन का सुटत नाही
(अमली पदार्थांवरील एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

सुरुवातीला तुमच्याकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यातली एक आधी वाचतो. ‘माझा मुलगा एमडी घेतो. देवीसमोर शपथ घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली. आठ दिवस टिकत नाही. त्याला आमची काहीच किंमत नाही का?’

ताई, किंमत आहे. शपथ घेताना तो बहुधा मनापासूनच बोलत असतो. विचार करून निर्णय घेणं, मोह आवरणं हे काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूचं. ‘हे हवंच’ अशी ओढ निर्माण होते ती मेंदूच्या आत खोलवर, भूक-तहान-कामवासना जिथे जागी होते त्या जुन्या भागात. नशा नेमकी तिथे जाऊन बसते आणि कपाळामागचा लगाम सैल करते. त्यामुळे तिथे नुसती शपथ पुरत नाही. तिला उपचारांची जोड लागते, आणि वेळ लागतो. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

आता एमडी. मेफेड्रोन हे त्याचं पूर्ण नाव. १९२९ साली ते पहिल्यांदा प्रयोगशाळेत बनवलं गेलं आणि पुढे विस्मरणात गेलं. २००० नंतर युरोपात त्याचा बाजार झाला, मग ते आपल्याकडे आलं. २०१५ च्या फेब्रुवारीत ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तोवर मुंबईत त्याचं पीक माजलं होतं. ते कुठून तरी समुद्रापलीकडून येतं, अशा समजुतीत कोणी राहू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा शेकडो किलो माल सापडला. म्हणजे हा माल आपल्याच शेडमध्ये तयार होतोय.

पांढरट पूड असते. नाकानं ओढतात, कोणी गिळतात. मेंदूच्या पेशींमध्ये डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही रसायनं साठवलेली असतात. एरवी ती मोजूनमापून सुटतात, एमडी ती एकदम बाहेर ओतायला लावतं. थकवा जातो, बोलणं थांबत नाही, समोरचा प्रत्येक माणूस जिवलग वाटायला लागतो. पण हा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. त्या रात्री शरीरात काय चाललेलं असतं? नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग तापतं, जबडा आवळून दात करकरा वाजतात, झोप उडते, भूक मरते. गर्दीत, उकाड्यात नाचणाऱ्या मुलाचं तापमान इतकं वाढू शकतं की मूत्रपिंडं निकामी व्हावीत. हृदयाचे ठोके बिघडून विशीतली मुलंही दगावतात.

आणि उतरल्यावर? साठा रिकामा झालेला असतो. दोन-तीन दिवस काहीच गोड लागत नाही, जीव नकोसा होतो. याच दिवसांत आत्महत्येचा धोका असतो, म्हणून मुलाला तेव्हा एकटं सोडू नका आणि ‘भोग आपल्या कर्माची फळं’ असं तर मुळीच बोलू नका. काही जणांना संशय येऊ लागतो. शेजारी पाळतीवर आहेत, मोबाइल कुणीतरी ऐकतंय, आईनं जेवणात काही घातलंय. असा मुलगा दार लावून खिडकीच्या फटीतून तासन्‌तास बाहेर बघत बसतो. हे नाटक नाही, त्याला ते खरंच तसं दिसत असतं. वाद घालू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

ब्राऊन शुगर, म्हणजे आपल्या भाषेत गर्द, ही मात्र वेगळ्या जातीची नशा. १९८० च्या दशकात तिनं मुंबई-पुण्यातली घरंच्या घरं पोखरली. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते याच काळात. गर्द म्हणजे भेसळीचं, कमी शुद्ध हेरॉईन, अफूच्या कुळातलं. आपल्या मेंदूत अफूसारख्या द्रव्यांसाठी जागा असतात, हे १९७३ साली सिद्ध झालं. त्या मुळात शरीर स्वतः तयार करतं त्या वेदनाशामकांसाठी आहेत. बाहेरून रोज गर्द मिळू लागली की शरीराची सगळी घडीच तिच्या भरवशावर बसते. मग एक दिवस पुडी मिळाली नाही की जे होतं, त्याला व्यसनी मुलं ‘टर्की’ म्हणतात.

टर्की जवळून पाहिली नसेल तर सांगतो. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात. एकामागून एक, थांबतच नाहीत. नाक-डोळे वाहू लागतात, भर उन्हाळ्यात अंगावर काटा येतो. मग पोटात पिळा, उलट्या, जुलाब. हाडं कुणीतरी आतून ठेचतंय असं मुलं सांगतात. पाय आपोआप झटकले जातात. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. आठवड्याभरात शरीर सावरतं, पण झोप कित्येक आठवडे येत नाही. या अवस्थेत घरातलं मंगळसूत्र विकणारा मुलगा मजा करायला निघालेला नसतो, तो यातून सुटायला निघालेला असतो. चोरीचं समर्थन मी करत नाही. पण हे कळल्याशिवाय उपचार कळणार नाहीत.

पुढचं मात्र कृपा करून लक्षात ठेवा, यानं जीव वाचतात. गर्दचा डोस जास्त झाला की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. माणूस हाक मारून उठत नाही, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ-नखं निळी पडतात, घशातून घरघर येते. घरच्यांना वाटतं, घोरतोय, झोपू दे. झोपू देऊ नका! १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, श्वास थांबला असेल तर तोंडानं द्या. काय घेतलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नॅलोक्सोन नावाचं उतारा देणारं इंजेक्शन रुग्णालयात असतं.

हे कुणाला होतं? बऱ्याचदा नुकतंच सोडलेल्या मुलाला. महिना-दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात किंवा तुरुंगात काढले की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन तो जुन्याच हिशेबानं पूर्वीएवढा डोस घेतो आणि तेवढ्यानंच जातो. म्हणून ‘बरा होऊन आला’ म्हणून पेढे वाटता ना, ते पहिले काही महिने सर्वांत जोखमीचे.

अफूच्या कुळातल्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही त्याच कुळासारखं काम करणारी, पण मोजून दिली जाणारी औषधं आहेत. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ असं आम्हाला ऐकवलं जातं. मला हे पटत नाही. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून मुलगा कामावर जातो, नशा टोचून घेणाऱ्याची सुई सुटते, सुईबरोबर येणारे एचआयव्ही आणि हेपटायटिस सीही टळतात, मरणाचा धोका कमी होतो. मधुमेह्याची गोळी बंद करा म्हणून कोणी त्याच्या मागे लागतं का?

गोळ्यांबद्दल एकच बजावतो. मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, ती अल्प्राझोलम या चिंता-झोपेवरच्या औषधाची. रोज ढिगानं घेणाऱ्यानं ती एका दिवसात बंद केली तर झटके येऊन मृत्यूही होऊ शकतो. दारूचंही तसंच. ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडू नका. या गोष्टी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू उतरवायच्या असतात.

गांजाची बाजू घेणारे इथेही असतील. ‘साधुसंत ओढतात, झाडपाला तर आहे.’ प्रौढ माणसानं क्वचित ओढला तर त्याला वेड लागतं, असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण मेंदूची घडण विशी उलटेपर्यंत चालू असते. पंधरा-सोळाव्या वर्षापासून रोज ओढणाऱ्याला पुढे सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, होण्याचा धोका वाढतो, आणि घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर फारच वाढतो. कानात आवाज येऊ लागलेली कॉलेजची मुलं मी तपासतो. त्यातली काही बरी होतात, काहींचं शिक्षण तिथेच थांबतं.

आता घरच्यांसाठी. ‘लग्न लावून द्या, सुधारेल.’ हे करू नका. एका घरातलं दुःख त्यानं दोन घरांत जातं, आणि ती मुलगी ते आयुष्यभर भोगते. मारहाण करणाऱ्या, साखळीनं बांधून ठेवणाऱ्या केंद्रात टाकू नका. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, भेटू देतात का, हे विचारा. भेटू देत नसतील तर तिथून परत फिरा.

पोलिसांची भीती असते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं. उपचार जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मिळतात, १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि ताई, मुलगा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या या. पैसे कधी द्यायचे, कधी नाही, रात्री दोनला दार वाजलं तर काय करायचं, हे आपण बसून ठरवू. तो पुढच्या वेळी येईल किंवा त्याच्या पुढच्या वेळी. उरलेल्या चिठ्ठ्या द्या, आता त्या घेऊ.