पाण्याखालचं मॉडेल नेमकं किती हललं?

हा समोरचा लांबलचक हौद म्हणजे टोइंग टँक. दोन्ही कडांना रूळ, रुळांवर कॅरेज म्हणजे धावणारा गाडा, कॅरेजला केबल आणि केबलच्या टोकाला पाण्याखाली आपलं मॉडेल. मॉडेल असं ओढून बघायची पद्धत जुनीच आहे, इंग्रज अभियंता विल्यम फ्राउडने 1872 च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉर्कीला टँक बांधला होता, पण ती जहाजं, वर तरंगणारी, डोळ्यांना दिसणारी. हे बुडालेलं, त्यात केबलला बांधलेलं, त्यामुळे पुढेमागे, आजूबाजूला, वरखाली सरकतं, शिवाय तिन्ही अक्षांभोवती डोलतं, म्हणजे सहा हालचाली आणि त्याही एकदम.

आधी खोलीचं बघू. प्रेशर सेन्सर लावला की झालं असं वाटतं, कारण 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण 98 पास्कल, सरळ हिशोब. पण मॉडेल पळायला लागलं की अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे दाबच बदलतो. सेन्सरचं भोक बरोबर नाकावर असेल तर सेकंदाला 1 मीटर वेगात तो जवळपास 500 पास्कल जास्त दाखवणार, म्हणजे मॉडेल 5 सेंटीमीटर खाली गेलं असं आपण लिहून मोकळे, आणि ते बिचारं होतं त्याच खोलीवर!

अॅक्सिलरोमीटर, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर, तर त्याहून नाटकी. त्याला गुरुत्वाकर्षण आणि खरा धक्का यातला फरक कळतच नाही. मॉडेल किती कललंय ते सांगताना फक्त 1 अंश चुकला आणि त्यावरून सरकलेलं अंतर काढायला गेलात, तर 10 सेकंदांत 8 मीटरपेक्षा जास्त चूक. हौदाच्या भिंतीतून पार बाहेर!

म्हणून कॅमेरे लागतातच. मॉडेलवर मार्कर, म्हणजे खुणेचे ठिपके, चिकटवायचे आणि पाण्यातल्या कॅमेऱ्यांनी टिपायचे. लाल उजेड पाणी पटकन गिळतं म्हणून निळसर दिवे वापरायचे, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांची मापं खऱ्या मापांशी जुळवणं, पाण्यातच करायचं, हवेतलं इथे चालत नाही कारण किरण वाकतात. तरी एखादा बुडबुडा मार्कर असल्याची बतावणी करतोच.

कॅमेरा आणि सेन्सर यांची घड्याळं जुळवायला एक साधा उपाय, रन, म्हणजे मॉडेल ओढायची एक फेरी, सुरू करायच्या आधी मॉडेलला एक टपली मारायची. दोन्ही रेकॉर्डमध्ये तो झटका दिसतो, तिथून मोजायला सुरुवात.

झाली रन. कॅरेज मागे आली, पण लगेच परत सोडायची नाही, पाणी अजून हिंदकळतंय. ते थांबेपर्यंत सगळे नुसते बसून.