दोन सेकंदांचा ठोका

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ, बाहेरून कोणाचे लक्षही जाणार नाही अशा एका इमारतीत, राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांचा ‘क्लिंग क्लांग’ स्टुडिओ होता. संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या दोघांनी १९७० साली स्थापन केलेल्या समूहाचे नाव होते ‘क्राफ्टवेर्क’, म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. श्नायडर मूळचे बासरीवादक. पण पुढे बासरी मागे पडली आणि सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य, पुढे आले.

१९७४ च्या ‘आउटोबान’ची सुरुवात मोटारीचे दार आपटल्याच्या आणि इंजिन सुरू झाल्याच्या आवाजाने होते. महामार्गावरचा तो प्रवास बावीस मिनिटांहून अधिक चालतो आणि तबकडीची एक अख्खी बाजू व्यापतो. अमेरिकी रेडिओने त्याची जेमतेम साडेतीन मिनिटांची आवृत्ती वाजवली आणि जर्मन भाषेतले हे गाणे तिथेही गाजले.

या समूहाचा तालवाद्यांचा संच पाहण्यासारखा होता. ढोल नाही, कातडे नाही. समोर धातूच्या गोल चकत्या आणि वादकाच्या हातात, स्वेटर विणायच्या सुयांची आठवण व्हावी अशा, धातूच्याच काड्या. काडी चकतीला टेकली की विद्युत्‌मंडल पूर्ण होई आणि ठोका उमटे. यंत्रांचे संगीत म्हणून त्याला भावशून्य ठरवणाऱ्यांनी हे हात बहुधा पाहिलेच नसावेत.

खरे नवल पुढेच आहे. युरोपातल्या रेल्वेवर रचलेली त्यांची १९७७ ची धून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पोहोचली आणि १९८२ मध्ये तिथले हिप-हॉप डीजे आफ्रिका बंबाटा यांनी ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यासाठी ती नव्याने वाजवून घेतली. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी टेक्नो हे यंत्रांवरचे नृत्यसंगीत घडवले, त्यामागेही क्राफ्टवेर्कचे ऋण होते.

मात्र १९९७ मध्ये एका जर्मन रॅप गाण्यात क्राफ्टवेर्कच्या ‘मेटाल आउफ मेटाल’मधला सुमारे दोन सेकंदांचा तुकडा परवानगीविना उचलून सतत फिरवला गेला, तेव्हा ह्युटर आणि श्नायडर न्यायालयात गेले. खटला जर्मनीच्या संवैधानिक न्यायालयापर्यंत आणि नंतर युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले की असा तुकडा घ्यायला ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याची परवानगी लागते. मात्र कानाला ओळखू येणार नाही इतका तो बदलला असेल, तर लागत नाही. तोवर त्या दोन सेकंदांवरचा वाद वीस वर्षे चालला होता.