टायर दोन बदलायचे की चारही?

(कणकवली. हायवेला लागून टायरचं दुकान. पत्र्यावर पाऊस वाजतोय.)

गणपतीला आठ दिवस राहिलेत आणि या दुकानासमोर सकाळपासून गाड्यांची रांग लागलीय. मुंबईचे चाकरमानी येणार, त्यांना स्टेशनवरनं आणायचं, मग मामाकडे, मावशीकडे, भजनाला, आरतीला, म्हणजे पंधरा दिवस गाडीला उसंत नाही, म्हणून सगळ्यांना आत्ताच टायर आठवतात. आज दोन गाड्या जॅकवर आहेत. पहिली भाड्याची, आठवड्यातनं तीनदा फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाणारी. दुसरी एका काकांची, बारा महिन्यांतले दहा मांगरात, म्हणजे शेतातल्या शेडमध्ये, उभी.

दोघांचा प्रश्न एकच. चारय होये की दोन चलतले?

(जवळून: पुढचं चाक, खाचेत लाल चिखल.)

आधी भाड्याची गाडी. दुकानवाले भाऊ स्क्रूड्रायव्हरने खाचेतला जांभ्याचा चिखल उकरतात, आणि मग खाली छोटी आडवी पट्टी दिसते. ही पट्टी प्रत्येक टायरच्या खाचेत असते, आपण बघत नाही एवढंच. तिची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी झिजत झिजत या पट्टीच्या लेव्हलला आली की टायर संपला, कायद्यानेसुद्धा संपला. नव्या टायरची नक्षी साधारण 7-8 मिलिमीटर खोल असते. या गाडीचे पुढचे दोन जवळजवळ गोटा झालेत आणि मागचे अजून अर्धे शाबूत आहेत. असं का, तर आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात, वळवायचं काम पुढच्यांचं, ब्रेकचा जास्त भारही पुढच्यांवर, आणि घाटात तर हे तिन्ही दिवसभर चालू. मधेमधे 8-10 हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे केले असते तर चारही सारखे झिजले असते, पण ते राहून गेलं. सगळ्यांचंच राहतं.

मग या गाडीला चारांची गरज नाही. दोन पुरेत, पण जोडीनेच, म्हणजे एकाच एक्सलवर दोन्ही सारखे. एकच बदलून शेजारी गोटा ठेवला की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते.

आता इथे ड्रायव्हर आणि दुकानवाले यांची जुंपली. ड्रायव्हर म्हणतो नवे पुढे घाल, ओढतं पुढचं चाक, वळतं पुढचं चाक. ऐकायला पटतं, मलाही पटलं होतं. भाऊ म्हणाले नवे मागे, अर्धे झिजलेले पुढे. आणि टायर कंपन्याही हेच सांगतात. कारण असं की झिजलेल्या खाचांना पाणी बाहेर फेकायला जमत नाही, टायर पाण्यावर तरंगतो. पुढचा तरंगला तर स्टेअरिंग हलकं लागतं, आपल्याला कळतं, पाय उचलला की गाडी परत पकड घेते. मागचा सुटला तर काहीच कळत नाही, वळणावर गाडीचा मागचा भागच पुढे यायला बघतो. फोंडा घाटात पावसात मागची बाजू सुटली तर सावरायला जागा कुठेय? ड्रायव्हर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, घाल मागे.

एक अपवाद मात्र आहे. गाडी कायम चारही चाकांवर ओढणारी असेल तर दोन-दोनचा हिशोब चालेलच असं नाही. झिजलेला टायर घेराने लहान, नवा मोठा, दोघं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि तो फरक आतले गिअर सतत सोसत राहतात. तिथे गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती फरक चालतो ते बघायचं, आणि बऱ्याचदा चारही घ्यावे लागतात.

(काकांची गाडी. टायर चकचकीत, नक्षी भरलेली.)

आता काका. मीटरवर 24 हजार किलोमीटर, नक्षी बघितली तर 5 मिलिमीटरच्या वर, काका छाती फुगवून उभे. भाऊंनी टायरच्या कडेवर टॉर्च मारला. तिथे लंबगोल चौकटीत चार आकडे, 3118. म्हणजे टायर बनला तो 2018 सालचा 31वा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. सात वर्षं. मग बोटाने कड दाबली तर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या, पार गोल, चारही टायरना. रबर उन्हाने, हवेने, नुसत्या वयानेही कडक होतं, आणि एका जागी महिनोन् महिने कमी हवेत उभं राहिलं की आणखीच.

"काकानू, हे टायर धावान नाय गेले, उभे रवान म्हातारे झाले."

म्हणजे जी गाडी मरमर धावली तिला दोन, आणि जी उभी राहिली तिला चार. काकांना हे काही केल्या पचेना. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून बिल वीस हजारांच्या वर गेलं तेव्हा तर अजिबातच नाही. जुने मात्र त्यांनी मागून घेतले, मालवणला मेव्हण्याची होडी आहे, धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला बांधायला.

(डिकी उघडते. चटई, नारळ, त्याखाली स्टेपनी.)

निघता निघता भाऊंनी स्टेपनी काढली. रस्ता न बघितलेली, कारखान्यातले रबराचे बारीक केस अजून तसेच उभे.

"ह्यो तर नवो कोरो आसा!" काका खूश.

भाऊंनी कड फिरवून आकडा दाखवला. 3118.

"नवो नाय, न वापरलेलो."

काका आकड्याकडे बघत राहिले. पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू न्यायला ठेवा, त्यापुढे याच्यावर भरवसा नको, भाऊ म्हणाले. काकांनी चटई परत टाकली, नारळ ठेवले, डिकी लावली, आणि मग खिडकीतनं डोकं बाहेर काढून विचारलं, पाचवो केवढ्याक पडतलो?