झाडाची जखम भरत नाही

(पडद्यावर: फांदी तोडलेल्या जागी काळा रंग फासलेलं खोड)

फांदी तोडली, आतलं लाकूड उघडं पडलं, म्हणून कुणीतरी इथे रंग लावला आहे. लावणाऱ्याची माया खरी आहे. झाडाला मात्र या लेपाचा उपयोग नाही.

आपल्याला खरचटलं की त्या जागी नवी कातडी येते. झाडाचं तसं नसतं. इजा झालेलं लाकूड पुन्हा कधीच धड होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून जणू भिंती घालतं, कुज पसरू नये म्हणून तिला कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवत वाढत राहतं. जखम आत तशीच असते.

हे उलगडून दाखवलं अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी. त्यांनी करवतीने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली झाड कुजीला कसं कोंडतं याची मांडणी प्रसिद्ध केली. लेप लावलेल्या आणि न लावलेल्या जखमाही त्यांनी पाच वर्षांनंतर ताडून पाहिल्या. लेपाने कूज थांबली नव्हती. उलट लेपाखाली ओल धरून राहिली, तर बुरशीचं फावतंच. अपवाद एक आहे: ओक वृक्षांना मारणारा ‘ओक विल्ट’ रोग जिथे पसरलेला असतो, तिथे ताज्या कापावर लगेच रंग लावतात. ओल्या कापाकडे येणारे भुंगेरे तो रोग सोबत आणतात.

(पडद्यावर: फांदीचा बुडखा, अगदी जवळून)

लेपापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, ते काप कुठे घेतला हे. फांदी खोडाला मिळते तिथलं हे फुगीर कडं पाहा. कूज अडवण्याची झाडाची तयारी इथेच असते. काप या कड्याच्या लगेच बाहेर हवा. सफाईदार दिसावं म्हणून खोडाला घासून कापलं, तर हे कडंच निघून जातं. हातभर खुंट ठेवला, तर तो वाळतो, कुजतो आणि झाडाला जखम झाकता येत नाही. फांदी जड असेल, तर आधी थोड्या अंतरावर खालून खाच घ्यावी, मग वरून कापून वजन उतरवावं. नाहीतर फांदी कोसळताना सालीची पट्टी खोडावरून ओरबाडत नेते.

शेंडा छाटला की झाड सुरक्षित होतं, हाही असाच गैरसमज. छाटलेल्या जागी धुमारे भराभर फुटतात, पण त्यांची पकड वरवरची असते आणि खालचं लाकूड कुजत असतं. काही वर्षांनी वाऱ्यात मोडतात ते हेच धुमारे.

आणि ढोली? ती सिमेंटने भरू नये. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. ढोलीतलं पाणी काढायला भोक पाडू नये, आतून खरवडूही नये, कारण झाडाने घातलेली भिंत त्यानेच फुटते. खोडाचा जिवंत भाग बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून पोकळ झाडही वर्षानुवर्षं जगतं. ते धोकादायक आहे का, हे जाणकाराने पाहून ठरवावं.

झाड मलूल दिसलं की खत घालायचं, ही सवय तर फार जुनी. पण झाड माती खाऊन वाढत नाही. सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यांनी सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. रोपाचं वजन सव्वादोन किलोंवरून ७६ किलोंच्या वर गेलं, मातीचं मात्र जेमतेम ५७ ग्रॅमनी घटलं. हा प्रयोग १६४८ साली छापून आला. झाड पाण्यातूनच वाढलं, असं त्यांना वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की त्यात हवेतला कार्बनही होता. झाडाचं अन्न पानांत तयार होतं, खतातून मिळतात ते थोडेसे क्षार. मुळं गुदमरली असतील किंवा पाणी साचत असेल, तर खत काहीही सुधारत नाही.

मुळांबद्दलचं चित्रच आपल्या मनात चुकीचं आहे. वर जेवढं झाड, खाली तेवढंच सोटमूळ, असं नसतं. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणून मोठ्या झाडाच्या बुंध्याशी रोज तांब्याभर पाणी ओतून फारसं साधत नाही. घेराखाली आणि त्याच्या कडेने, अधूनमधून पण भरपूर पाणी द्यावं. त्या मातीवर भराव टाकला किंवा फरशी घातली, तर मुळांचा प्राणवायू तुटतो. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी वाळतं. तोवर भराव कुणाला आठवतही नसतो.

नव्या रोपाला बांधलेली आधाराची काठी एखाद्या वर्षात काढावी. हलल्यानेच खोड जाड होतं.

(पडद्यावर: मातीचा ढीग लावलेला बुंधा, हात माती बाजूला करतात)

बुंध्याशी माती किंवा पाचोळ्याचा ढीग नको. पाचोळा पाच ते दहा सेंटिमीटर जाड पसरावा, सालीपासून दूर. बुंधा जमिनीशी पसरट व्हायला हवा. खांबासारखा सरळ मातीत घुसलेला दिसला, तर रोप खोल लावलं गेलंय किंवा वर माती चढलीय. हाताने माती हळूहळू काढत पहिली मुळं दिसेपर्यंत जावं. एखादं मूळ खोडाभोवती वळसा घालून बसलेलं आढळलं, तर ते बारीक असतानाच कापावं. दोन्ही जाड होत गेली की ते खोडालाच आवळतं.