कोमल गंधाराचे गाव : बेंटोनियाचा ब्लूज

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, ४९ क्रमांकाच्या महामार्गालगत, जेमतेम काहीशे वस्तीच्या बेंटोनिया गावात रेल्वेमार्गासमोर उभी असलेली निळ्या-पांढऱ्या रंगाची बसकी इमारत म्हणजे ‘ब्लू फ्रंट कॅफे’, ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराचे एक ठिकाण. केरी आणि मेरी होम्स या कृष्णवर्णीय दांपत्याने तो १९४८ मध्ये सुरू केला. कापसाच्या हंगामात शेतमजूर आणि जिनिंगचे कामगार पाळीपाळीने येत, तेव्हा तो अनेकदा चोवीस तास उघडा राही. गरम जेवण, किराणा, केस कापण्याची सोय आणि चोरून विकली जाणारी मक्याची दारू, सारे एकाच छपराखाली मिळे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कोका-कोला विकण्याची मात्र मुभा नव्हती. चोरट्या दारूला वाट आणि कोका-कोलाला मनाई, असा वर्णभेदाच्या काळातला तो न्याय होता.

त्यांचे चिरंजीव जिमी ‘डक’ होम्स १९७० पासून हा कॅफे चालवतात. गल्ल्यावर बसणारे होम्स हेच इथले मुख्य गायक-वादकही आहेत.

त्यांचा डावा हात नीट पाहावा. डेल्टातील, म्हणजे मिसिसिपीच्या वायव्येकडील सपाट प्रदेशातील, बरेच वादक गिटारच्या मोकळ्या तारा अशा लावतात, की त्या न दाबता छेडल्या तरी त्यांत शुद्ध गंधार वाजतो. बेंटोनियाची रीत वेगळी आहे. नेहमीच्या जुळणीतील दोन तारा एकेका स्वराने चढवल्या, की खर्जाकडून वर जाताना षड्ज, पंचम, षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि पुन्हा षड्ज अशी रचना होते, आणि या शैलीचा गंभीर, काहीसा अस्वस्थ करणारा रंग गाणे सुरू होण्याआधीच ऐकू येतो. हेन्री स्टकी या वादकापासून ही जुळणी गावात रुळली. स्किप जेम्स यांनी १९३१ मध्ये ती ध्वनिमुद्रिकांवर नेली, तर जॅक ओवेन्स यांनी ती गावातच राखली. स्वरलेखनाचा आधार न घेता, ओवेन्स यांच्यासमोर बसून आणि त्यांचे हात पाहून होम्स ती शिकले. घराण्याची तालीम याहून फारशी निराळी नसते.

पुढे कापूसवेचणी यंत्रांकडे गेली, मजूर शहरांकडे निघून गेले आणि कॅफेचे रोजचे गिऱ्हाईक आटले.

महामार्गाने उत्तरेला निघाले, की सपाट शेतांमधून क्लार्क्सडेल येते. तिथल्या रेड्स लाउंज या ब्लूजच्या अड्ड्यातल्या तांबड्या उजेडात गिटार विजेवर चालते आणि ढोलांचा ठेका पायाखालच्या फरशीतून जाणवतो. याच गावच्या डेल्टा ब्लूज संग्रहालयात मुलांसाठी वर्ग चालतात. १९९९ मध्ये जन्मलेला क्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्रम तिथेच शिकला, आणि २०२२ मध्ये समकालीन ब्लूजच्या गीतसंग्रहासाठीचे (अल्बमसाठीचे) ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळाले. होम्स यांच्या २०१९ च्या गीतसंग्रहाला पारंपरिक ब्लूजच्या विभागात नामांकन होते. विभाग दोन असले, तरी रसिकाने त्यांतला एकच निवडावा, हे आम्हाला पटत नाही; दुपारी बेंटोनिया आणि रात्री क्लार्क्सडेल हा क्रम सहज जमतो.

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरणाऱ्या महोत्सवात ब्लूज ऐकलेल्या मुंबईकराला ब्लू फ्रंटची खोली फारच लहान वाटेल. इथे वादक आणि श्रोता यांच्यात दोन-चार हातांचेच अंतर असते, त्यामुळे गाण्याच्या मध्येच दाद द्यावी, ओळीला ओळ जोडावी. बेंटोनियाचा महोत्सव १९७२ पासून भरतो आणि त्या दिवसांत गावात गर्दी होते. आमच्या मते मात्र साध्या, बिनगर्दीच्या दिवशी यावे, काहीतरी विकत घेऊन निवांत बसावे आणि निघताना वादकाच्या बादलीत नोटा टाकाव्यात, कारण अशा ठिकाणी वादकाची बिदागी बहुधा तीच असते.