तिकिटाची बिअर आणि ओळखीची बिअर

(दृश्य: जमिनीत बसवलेली काच, काचेखाली जुना कागद. वरून बूट, चपला, लहान मुलांचे सँडल जातायत.)

हा कागद बघा. डब्लिनमधे गिनेस या बिअर कंपनीच्या स्टोअरहाऊसला शिरलात की हा पायाखाली येतो. भाडेकरार आहे, १७५९ सालचा, आर्थर गिनेसने केलेला, भाडं वर्षाला ४५ पौंड आणि मुदत ९००० वर्षं. नऊ हजार! एकतर भाडेकरू फार आशावादी असणार, नाहीतर घरमालक त्या जागेला फार वैतागलेला असणार.

त्यावर दिवसभर पावलं पडत असतात. लोक वाकतात, फोटो काढतात आणि लगेच पुढे सरकतात, कारण अजून सात मजले चढायचेत. ही इमारत १९०४ ची, इथे खरोखर बिअर आंबवायचे, १९८८ पर्यंत काम चालू होतं, मग २००० साली ती पाहुण्यांसाठी उघडली. मधला चौक पिंटच्या, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या मोठ्या, ग्लासच्या आकाराचा केलाय, आणि तो ग्लास भरायचाच म्हटलं तर त्यात १ कोटी ४३ लाख पिंट मावतील असं ते स्वतःच सांगतात. सगळ्यात वर काचेचा गोल बार, खाली सगळं डब्लिन, आणि हातात तिकिटात धरलेला एक पिंट.

तो ओतायचीही एक रीत आहे. ग्लास तिरका धरून आधी चारातले तीन हिस्से भरायचा आणि ठेवून द्यायचा. मग आत जे होतं ते बघण्यासारखं असतं, नायट्रोजनचे बारीक बुडबुडे काचेच्या कडेने चक्क खाली जाताना दिसतात, वर नाही, खाली, आणि हळूहळू वरचा पांढरा थर आणि खालचा काळा भाग वेगळा होतो. मग उरलेला हिस्सा. कंपनीच्या हिशोबाने एकूण ११९.५ सेकंद. हा अर्धा सेकंद कुणी मोजला असेल देव जाणे.

छान आहे का? छानच आहे, उगाच नाक कशाला मुरडायचं. पण त्या वरच्या बारमधे पाच मिनिटं नुसतं उभं राहून लोकांकडे बघा. जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा आलेला असतो आणि बहुतेकांचं ते शेवटचंही असतं. त्यामुळे कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणजे आपापल्या ग्रुपमधे बोलतात, पण शेजारच्याशी नाही. ओतणाऱ्याला तुमचं नाव कळून उपयोग नाही आणि तुम्हाला त्याचं. गर्दी असते पण मंडळी नसते.

(दृश्य: अर्धं वर गेलेलं लोखंडी शटर. आत स्टीलच्या टाक्या, ओली फरशी.)

आता इकडे या. ही छोट्या ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, टॅपरूम, बिअर बनते तिथेच ती ग्लासात ओतून देतात. गोडाऊनसारखी जागा. मागे चार-पाच टाक्या, फरशीला उतार कारण ती रोज पाईपने धुवायची असते, आणि सकाळी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, शिजवलं असेल तर त्याचा उकडलेल्या धान्यासारखा वास दुपारपर्यंत रेंगाळतो. पुढे एक काउंटर, आठ-दहा नळ, भिंतीवर फळा, त्यावर खडूने लिहिलेली नावं आणि त्यातलं एक पुसलेलं, कारण ते पिंप आत्ताच संपलंय.

काउंटरमागचा माणूस गमबूट घालून उभा आहे, म्हणजे हाच सकाळी टाकी धूत होता. समोर नेहमीचं गिऱ्हाईक. तो एक घोट घेतो, ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, मागच्या वेळची जास्त कडू होती. गमबूटवाला म्हणतो, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बदलले, पहिले मिळालेच नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, मग हीच ठेव. संपलं. एवढंच संभाषण. पण पुढची टाकी लावताना ते त्याच्या डोक्यात असणार, आणि सात मजल्यांच्या इमारतीत हे वाक्य म्हणायला समोर कुणी नसतंच, कारण मागच्या वेळची बिअर तिथे कुणी प्यायलेलंच नसतं.

माझ्या मते फरक इथेच आहे. आकाराचा मुद्दा नंतर येतो. जागा एकदाच येणाऱ्यासाठी बांधलीय का परत परत येणाऱ्यासाठी, ते आधी बघायचं. मग खुर्च्या कशा, आवाज किती, दिवे कसे, सगळं त्याच्या मागून येतं.

आवाजावरून आठवलं, टॅपरूमचं फार कौतुक करणाऱ्यांनी एक कबूल करावं की तिथे बऱ्याचदा कानठळ्या बसतात. सिमेंटची फरशी, पत्र्याचं छप्पर, आवाज शोषायला काहीच नाही. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही वाढवतो, मग शेजारचं टेबल वाढवतं, आणि तासाभरात सगळेच ओरडत असतात आणि कुणालाच कळत नाही की आपण ओरडतोय. मोठ्या ब्रुअऱ्या निदान यासाठी आर्किटेक्टला पैसे देतात.

(दृश्य: मिनियापोलिस, बर्फ साचलेला रस्ता, लांबून दिसणारी काचेची मोठी इमारत.)

मोठ्या ब्रुअरीचं आणि छोट्या टॅपरूमचं भांडण आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची गोष्ट ऐका, मला ही फार आवडते.

अमेरिकेत १९३३ मधे दारूबंदी उठली, पण ती उठवताना बहुतेक राज्यांनी एक शिडी घालून दिली, की बनवणारा वेगळा, घाऊक विकणारा वेगळा आणि ग्लासात ओतून देणारा वेगळा. हेतू असा की एकाच्या हातात सगळं जाऊ नये. पण त्याचा परिणाम असा की अनेक ठिकाणी, बिअर तुम्ही बनवलीय, टाकी तुमची, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि तरी त्याला एक ग्लास भरून विकायची सोय नाही. मिनेसोटातही तसंच.

तिथे ओमर अन्सारी नावाच्या माणसाने आईवडिलांच्या कारखान्याच्या जागेत, घासकामाचं सामान बनायचं तिथे, सर्ली नावाची ब्रुअरी काढली, २००६ मधे पहिली पिंपं बाहेर पडली. धंदा वाढला तसं त्याच्या डोक्यात आलं की एक भलीमोठी ब्रुअरी बांधायची, जिथे लोक मुद्दाम येतील, जेवतील, बागेत बसतील, दिवस घालवतील. पण पिंट विकायला परवानगीच नाही तर बांधून करणार काय? मग त्यासाठी कायदा बदलायची मोहीम सुरू झाली, चाहते मागे लागले, आमदारांना पत्रं गेली, आणि मे २०११ मधे कायदा झाला. लोक त्याला सर्ली बिल असंच म्हणतात.

आता गंमत. सर्लीची ती मोठी वास्तू उघडायला डिसेंबर २०१४ उजाडला. जमीन शोधा, पैसे उभे करा, बांधकाम करा, वेळ लागणारच. पण छोट्यांना काय लागतं? भाड्याची शेड, काउंटर आणि नळ. त्यांनी त्याच कायद्याचा फायदा घेतला आणि मोठ्याचा पाया खणून होईपर्यंत राज्यात टॅपरूम उभ्याही राहायला लागल्या. ज्याच्या नावाने दार उघडलं तो सगळ्यात शेवटी आत आला म्हणा ना.

आणि या दारातून पैसाही आला, हे विसरून चालणार नाही. पिंप बाहेर विकलं की त्यातला वाटा घाऊकवाल्याचा, मग बारवाल्याचा. तीच बिअर स्वतःच्या नळातून ग्लास ग्लास विकली तर सगळं आपल्याच गल्ल्यात. छोटी ब्रुअरी जगते ती याच्यावर. वातावरण, आपलेपणा, सगळं खरं आहे, पण त्याच्या मुळाशी हा साधा हिशोब आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

(दृश्य: अंधारं दगडी तळघर. ओलसर भिंती. लाकडी पिंपांची रांग.)

मोठ्या जागेची बाजू घ्यायची तर मी चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला नेऊन दाखवीन. तिथली ब्रुअरी पिल्सनर उर्क्वेल, आज जपानच्या असाहीच्या मालकीची, म्हणजे मोठ्यातली मोठी. टूर आहे, तिकीट आहे, दुकान आहे. पण टूरमधे शेवटी तुम्हाला जमिनीखाली नेतात, तिथे सुमारे ९ किलोमीटरची भुयारं आहेत, थंडी अशी की उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. तिथे एक माणूस ओकच्या पिंपातून थेट ग्लास भरून देतो, न गाळलेली बिअर, थोडी गढूळ, वर जाड फेस. आणि जो घोळका वरती बडबडत होता तो तिथे गप्प होतो. कुणी गप्प बसा म्हणत नाही. अंधार, थंडी आणि हातातली ती बिअर, एवढंच पुरतं.

आणि ही जागा सुरू कशी झाली? १८३८ मधे गावातली बिअर इतकी वाईट निघाली की ३६ पिंपं नगरसभेसमोर ओतून दिली. मग ज्या नागरिकांना बिअर बनवायचा हक्क होता ते एकत्र आले, म्हणाले आपणच एक चांगली ब्रुअरी बांधू, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि त्याने ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा लावला, त्यातून जी सोनेरी, स्वच्छ बिअर निघाली तिची नक्कल पुढे जगभर झाली. म्हणजे आजची ही अवाढव्य ब्रुअरी गावकऱ्यांच्या तक्रारीतून उभी राहिलीय. मागच्या वेळची बरी नव्हती, हेच ते वाक्य, फक्त ३६ पिंपं ओतून म्हटलेलं.

उलटंही होतं. लंडनला बर्मंडसीमधे रेल्वे पुलाच्या कमानींखाली २००९ मधे कर्नेल नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली. शनिवारी दार उघडं ठेवायचे, बिअर घ्यायला आलेले लोक दोन ग्लास पिऊन, गप्पा मारून जायचे. मग शेजारच्या कमानींत आणखी ब्रुअऱ्या आल्या, कुणीतरी त्या रांगेला बिअर माईल म्हणायला सुरुवात केली, आणि नाव पडलं की संपलंच. लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक ठिकाणी एक ग्लास, की चला पुढे. शेवटी गर्दी इतकी झाली की कर्नेलने काही काळ आपल्याकडे बसून प्यायची सोयच बंद केली. जागा तेवढीच होती, बिअर तीच होती, फक्त येणारे बदलले, आणि छोटी कमान बघता बघता पर्यटनस्थळ झाली.

आणि अगदी छोट्या जागेचा एक त्रासही सांगतो. इंग्लंडमधेच केंट परगण्यात हर्न नावाच्या गावी मार्टिन हिलियरने २००५ मधे खाटकाच्या जुन्या दुकानात पब काढला, इवलीशी खोली, संगीत नाही, टीव्ही नाही, लोकांनी बोलायचं. परवान्याचा नवा कायदा त्याच वर्षी लागू झाला म्हणून ते जमलं, आणि त्यावरून पुढे कितीतरी मायक्रोपब निघाले. कल्पना सुंदरच. पण अशा खोलीत नवखा माणूस दार ढकलून आत येतो ना, तेव्हा सगळ्या माना एकदम वळतात. बोलणं क्षणभर थांबतं. आता आत जावं की सॉरी म्हणून परत फिरावं असं होतं. मोठ्या ब्रुअरीत हे कधीच होत नाही, तिथे तुम्ही आलात काय आणि गेलात काय, कुणाची मान वळत नाही, आणि कधीकधी माणसाला तेच हवं असतं, खरं सांगायचं तर.

(दृश्य: बव्हेरियातलं छोटं गाव. संध्याकाळ. एका साध्या घराबाहेर दांडीला लटकणारी सहा टोकांची चांदणी.)

हे ओबरफाल्झ. विंडिशएशेनबाख नावाचं गाव, जीभ वळली तर नशीब. ती चांदणी बघा. दोन त्रिकोण एकमेकांत अडकवलेले, एक अग्नी, पाणी आणि हवा यांचा, दुसरा पाणी, माल्ट आणि हॉप्स यांचा, असं सांगतात. यीस्टला जागाच नाही, कारण तेव्हा त्याचं नेमकं काम कुणाला माहीतच नव्हतं.

इथल्या बिअरला झोइगल म्हणतात. गावाची एकच सामाईक ब्रुअरी. बनवायचा हक्क घराला चिकटलेला, माणसाला नाही, म्हणजे घर ज्याचं, हक्क त्याचा. पाळी आली की त्या घरचे येतात, सामाईक भट्टीवर माल्टचं गोड पाणी हॉप्स घालून उकळतात, रात्रभर उथळ पसरट भांड्यात गार होऊ देतात, आणि दुसऱ्या दिवशी टाकीत भरून ट्रॅक्टरवर आपल्या घरी नेतात. यीस्ट घालायचं, आंबवायचं, मुरवायचं, ते आपापल्या तळघरात. म्हणून एकाच भट्टीतून निघालेली बिअर दोन घरांत दोन चवींची लागते आणि त्यावर गावात वाद घालणारी माणसं आहेत.

तयार झाली की बाहेर ती चांदणी लटकते आणि महिन्यातले तीन-चार दिवस ते घरच पब होतं. लांब टेबलं, बाकं, जागा मिळेल तिथे बसायचं, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून. घरातल्याच कुणाच्या तरी हातात एकावेळी सहा-सात ग्लास. बाहेरगावचे लोकही येतात, कोणत्या आठवड्यात कुणाचं घर उघडं आहे याचं कॅलेंडर छापलेलं असतं. तेव्हा इथेही मुद्दाम प्रवास करून येणारे आहेतच. पण येणाऱ्याला शेजारी सरकून जागा करून देणारा माणूस मात्र गल्लीतला असतो, आणि पुढच्या महिन्यातही तो याच बाकावर बसणार असतो.

(दृश्य: सोमवारची रात्र. घराचा दरवाजा उघडतो.)

पिंप संपलं. आतले दिवे अर्धे मालवलेत, दोघंतिघं अजून उठायचं नाव घेत नाहीयेत. घरधनी बाहेर येतो, हात वर करून दांडीवरची चांदणी काढतो, काखेत धरतो आणि आत जातो. रस्त्यावर एक माणूस हे बघून थांबतो, घड्याळ बघतो, आणि गुरुवारी कुणाकडे आहे म्हणून विचारतो.