एकट्याने ध्यानाला बसताना

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

मार्गदर्शकाशिवाय, आपले आपण ध्यान शिकता येते का, हा प्रश्न मी आजच्या व्याख्यानासाठी कळवला होता आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. परंतु त्याआधी एक अनुभव सविस्तर सांगण्याची परवानगी द्यावी, कारण माझे उत्तर त्याच अनुभवातून आलेले आहे.

१९९४ साली नोकरीतील बदलीमुळे मी गडचिरोली जिल्ह्यात अहेरीला राहत होतो. कुटुंब मागे राहिले होते, संध्याकाळी वीज वरचेवर जात असे, आणि सोबत घरातून आणलेली ज्ञानेश्वरी होती. ध्यानयोगाचा सहावा अध्याय वाचता वाचता ध्यानाला बसावे असे मनाने घेतले. शिकवणारे जवळपास कोणी नव्हते. म्हणून घोंगडीची चौपदरी घडी भिंतीपासून हातभर पुढे अंथरली आणि रोज पहाटे अर्धा तास श्वासाकडे लक्ष देऊ लागलो.

तीन आठवड्यांत काही विलक्षण घडू लागले. बसल्यावर दहाएक मिनिटांत डोके हलके होई, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत, आणि एकदा तर दोन्ही हातांची बोटे आपोआप आखडून आत वळली. ज्याच्या हाताशी सहावा अध्याय आहे, त्याला अशा वेळी काय वाटेल हे आपण जाणताच. कुंकवाने न्हालेल्या नागाच्या पिलासारखी ती कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली मानली जाणारी शक्ती, तिचे ते जागे होणे, ही सगळी वर्णने मी पुन्हा पुन्हा वाचली आणि माझ्या बोटांतील मुंग्यांशी ताडून पाहिली. शंका नको म्हणून एका मोठ्या शहरातील साधकमंडळाला मी आंतर्देशीय पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले, की शक्ती जागृत झाली आहे, अभिनंदन, पुढच्या दीक्षेसाठी अमुक तारखेला यावे. किती वेळ बसता, श्वास कसा चालतो, झोप लागते का, यांपैकी एकही प्रश्न त्या पत्रात नव्हता. आज इतक्या वर्षांनीही मला त्या पत्राचा खेद वाटतो, कारण मार्गदर्शन मागणाऱ्या माणसाला प्रश्न न विचारता उत्तर देणे ही त्याची मोठी हानी आहे.

मला सावध केले ते तिथल्या सरकारी दवाखान्यातील एका तरुण डॉक्टरांनी. मी गेलो होतो तापासाठी, बोलता बोलता मुंग्यांचा विषय निघाला. ते म्हणाले, "काका, इथेच बाकावर बसा आणि घरी बसता तसा श्वास घ्या." त्यांनी घड्याळ हातात घेऊन मोजले. एका मिनिटाला बावीस श्वास भरले, आणि तेही प्रत्येक वेळी छाती फुगवून. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतात आणि ते उथळ, सहज असतात. गरजेपेक्षा अधिक श्वसन झाले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून डोके हलके होते, आणि रक्तातील कॅल्शियमचा मोकळा अंश उतरल्यामुळे नसा उत्तेजित होऊन मुंग्या येतात, बोटे आखडतात. मी श्वासाकडे पाहत नव्हतो, मी श्वास ओढत होतो. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाच्या हे पहिल्याच मिनिटात लक्षात आले असते. मला दोन महिने लागले.

त्यानंतर मी पतंजलींची योगसूत्रे निराळ्या नजरेने वाचली. पहिल्या पादातील तिसाव्या सूत्रात चित्तविक्षेपाचे, म्हणजे मन विखुरणारे, नऊ अंतराय (अडथळे) सांगितले आहेत आणि त्यांत सातवा आहे भ्रांतिदर्शन, म्हणजे भलतेच खरे मानणे. त्याच्या पुढच्याच सूत्रात विक्षेपासोबत येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. दुःख आणि दौर्मनस्य म्हणजे खिन्नता यांच्या जोडीला तिथे अंगमेजयत्व म्हणजे अंगाचे थरथरणे आहे आणि श्वास-प्रश्वास म्हणजे विस्कळीत श्वासोच्छ्वासही आहे. ज्याला मी प्रगतीची खूण मानत होतो, त्याची गणना सूत्रकारांनी मन विखुरल्याच्या लक्षणांत केली होती. पुस्तक माझ्याजवळ होते, पण आपल्याला हवे तेच पान माणूस उघडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि दहाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा आता मूळ प्रश्नाकडे वळतो.

माझे उत्तर असे, की बसायला एकट्याने शिकता येते, परंतु स्वतःची चूक एकट्याला दिसत नाही, म्हणून चूक दाखवणारे काहीतरी आधीच योजून ठेवावे लागते. त्यासाठी मी एक वही ठेवली. उठल्याबरोबर, चहाही घेण्यापूर्वी, दोनच ओळी लिहायच्या. किती वेळ बसलो आणि शरीरात काय घडले एवढेच त्यांत असावे, त्याचा अर्थ लावू नये. महिन्याने ती पाने सलग वाचली की जी गोष्ट रोज वेगळी वाटत होती ती एकच असल्याचे कळते.

दुसरे, पद्धत एकच ठेवावी. अंतरायांवर सूत्रकारांनी सांगितलेला उपाय एका तत्त्वाचा अभ्यास हाच आहे. श्वास घेतला असेल तर श्वासच, आणि तोही जसा आहे तसा. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासावर दिले जातात, यावरून न ओढता पाहणे किती अवघड आहे याची कल्पना यावी. मन निघून गेले तर त्याच्याशी झगडू नये. ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे, की स्थिर होत नसेल तर त्याला मोकळे सोडावे, ते जाईल तेथून नियमच त्याला परत घेऊन येईल. एकट्या साधकाला याहून मोठा दिलासा मला ठाऊक नाही, कारण इथे परत आणण्याचे काम माणसाकडे नसून ठरलेल्या वेळेकडे, ठरलेल्या जागेकडे आहे.

तिसरे अधिक गंभीर आहे. गुरूविना साधनेचे उदाहरण म्हणून रमण महर्षींचे नाव नेहमी घेतले जाते, आणि १८९६ मध्ये मदुराईत सोळाव्या वर्षी त्यांना आत्मज्ञानाचा जो अनुभव आला तो कोणी शिकवलेला नव्हता, हे खरेच आहे. परंतु तिरुवण्णामलैच्या मंदिरातील पाताळलिंगाच्या तळघरात ते बसले असताना किड्यांनी त्यांच्या मांड्या पोखरल्या तरी त्यांना भान नव्हते, आणि इतरांनी आत जाऊन त्यांना उचलून बाहेर आणले, हेही त्याच चरित्रात आहे. एकटे बसणाऱ्याच्या खोलीचे दार उघडून पाहणारे कोणीतरी असावे. झोप उडाली, कारण नसताना भीती दाटू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर बसणे त्या दिवशीच थांबवावे आणि डॉक्टरांकडे जावे. पूर्वी मानसिक आजार झालेल्यांनी तर एकट्याने आरंभच करू नये, आणि हे मी घरच्यांनाही ऐकू जावे म्हणून सांगतो आहे.

आसनाविषयी बोलायला वेळ उरला नाही. घोंगडीची मागची कड चार बोटे उंच करावी, म्हणजे कंबर गुडघ्यांच्या वर राहते आणि पाठ ओढून ताठ धरावी लागत नाही, एवढेच सांगतो. ताठर मांड्यांनी पद्मासनाचा हट्ट धरू नये, पीळ गुडघ्यावर येतो.

माझी ती अहेरीची वही मी आज आणली आहे. मुंग्यांची नोंद सलग एकोणीस दिवस आहे आणि दवाखान्यातून आल्यानंतरच्या पानावर, "आज सव्वीस मिनिटे, काही घडले नाही," एवढेच लिहिलेले आहे. ते पान उघडून टेबलावर ठेवतो, ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जाताना पाहावे.